बिनशेकी

सोमवार, ११ नोव्हेंबर

आजपासून लिहायला बसलोय. कारण एवढंच, की मनात जे शिजतंय ते बोलून दाखवायची सोय नाही. घरी बोललं तर ही म्हणते, "तुम्हाला बेकरीत एक पाव कमी भरला तरी सगळे चोर दिसायचे." आणि संस्थेत बोलावं, तर तिथे भिंतींनासुद्धा पदव्या आहेत. वही बरी. उलट उत्तर देत नाही.

उभी हयात माझी भट्टीपुढे गेली, पाव-बिस्किटं भाजण्यात. बेकरी बंद पडली आणि जावयाने ओळखीने मला इथे चिकटवलं. काम उंदरांच्या खोलीचं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं. सगळे मला मामा म्हणतात. बाहेर जगात उंदरांना उंदीरमामा म्हणतात. इथे मामा मी, आणि ही पांढरीशुभ्र मंडळी माझे भाचे.

खोली ताईची आहे. ताई म्हणजे संशोधक बाई, माझ्या धाकटीएवढी. वाऱ्याने उडेल अशी अंगकाठी, पण डोकं असं की विचारायला नको. ती अर्ध्या उंदरांना शेक देते. काचेची गरम पेटी आहे, तिच्यात ठेवायचं, अंग ठरल्याइतकं तापलं की थोडा वेळ तसंच राहू द्यायचं आणि बाहेर काढायचं. हे शेकवाले. बाकीचे बिनशेकी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना, शेकवाले असोत की बिनशेकी, जंतूंपासून काढलेलं विष टोचायचं. त्याने फुफ्फुसाला सूज येते, धाप लागते. ताईचं म्हणणं, आदल्या दिवशी शेक बसलेल्यांना सूज कमी येते.

"का गं पण?" मी विचारलं.

"मामा, आधी जरासा चटका बसला ना, की शरीर आतून सावध होतं. पुढच्या माराची तयारी करून बसतं."

हे मला लगेच पटलं. माझ्या तळहातांना विचारा.

ताईची नोकरी वर्षाच्या बोलीवर आहे. ती उन्हाळ्यात संपते. हा प्रयोग नीट उतरला तर तिला कायमची जागा, नाही तर सामान बांधायचं. जागा एकच आहे आणि तिच्यावर डोळा ठेवून आणखी एक जण बसलाय. शेजारच्या टेबलावरचा लांबुडका गडी. रबरी तळाचे बूट घालतो, मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नाही. मी मनातल्या मनात त्याला मांजरपावल्या म्हणतो. आज तो ताईच्या खोलीच्या दारापाशी घुटमळत होता. मी खाकरलो, तर हसून निघून गेला. उंदरांच्या खोलीशी मांजराचं काय काम?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

थंडी पडली. खोलीतला हीटर नुसता गुरगुरतो, देत काही नाही.

गुरुवारी ताईचा शेक आणि माझं धुणं एकाच सकाळी येतं. शेकवाले पेटीतून ऊबदार होऊन परत आले, पाणी प्याले, पाय पसरून पडले. बिनशेकी मात्र एकमेकांवर चढून गोळा होऊन बसलेले, नाकं एकमेकांच्या काखेत. मला बघवेना. एकाच घरातली लेकरं, एकाला मांडीवर घ्यायचं आणि दुसऱ्याला ओसरीवर ठेवायचं, हा कुठला न्याय! ताई स्वतःच तर सारखी म्हणते, "बाकी सगळं दोघांना अगदी सारखं हं मामा."

पिंजरे धुवायला काढले की उंदीर टोपल्यांत घालून ठेवावेच लागतात. मशीनखोलीत वाफेवर पिंजरे धुणारं धूड आहे, त्याच्या मागे एक फळी आहे. बेकरीत पीठ फुगायला ठेवायचो तशी झकास जागा. टोपल्यांवर फडकं टाकलं, बिनशेकींना तिथे ठेवलं, ऊब जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं आणि बाटल्या घासायला गेलो. धुणं आटपल्यावर फडक्यासकट जागच्या जागी.

मधे झाडूवाली बाई मशीनखोलीच्या दारातूनच मागे फिरली. "मामा, मला काय जीव द्यायचाय? तुम्ही उभे कसे राहता हो आत?" हल्ली लोकांना जरा धग सोसत नाही.

हे कुणाला सांगायला गेलो नाही. थंडीत पोराला कुशीत घेतलं तर कोणी दवंडी पिटतं का?

रविवार, १७ नोव्हेंबर

हिची छाती भरलीय. दर थंडीत भरते. दोन पांघरुणं घातली, वर माझी शाल. थोड्या वेळाने बघतो तर सगळं पायाशी लाथाडलेलं.

"अगं, गारठशील!"

"मला उबवताय का? अंडं आहे का मी?"

माणसाने काळजीसुद्धा करू नये म्हणजे काय!

बुधवार, २० नोव्हेंबर

ताईचा चेहरा उतरलाय. "मामा, बिनशेकी आजारीच पडेनात. गेल्या खेपेला केवढा फरक होता! शेकवाले खात-पीत होते आणि बिनशेकी धापा टाकत होते. या वेळी सगळे सारखेच."

मला मनातून बरंच वाटलं, बिचारे वाचले म्हणून. पण तोंडावर दाखवलं नाही.

साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, दारात उभे राहून म्हणाले, "तुमचे उंदीर भलतेच लोकशाहीवादी झालेत, बाई. एकाला एक, दुसऱ्याला एक असा भेदच नाही." आणि स्वतःच हसले. मग हसू आवरून म्हणाले, "की गेल्या वेळचे आकडेच जरा हौसेने लिहिले होते?"

ताईचे कान लाल झाले. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. या पोरीने आकडे रचले? तिने मूठभर भुसा घेतला तरी किती घेतला ते लिहून ठेवते!

नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. कुणीतरी उंदीर तरी बदलतंय, नाही तर त्यांना काहीतरी देतंय. कोण, ते लिहायला नको.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मी चहा पिऊन परत येतो तो मांजरपावल्या खोलीतून बाहेर. हातात घड्याळ, खिशात कागद.

"काय साहेब, इकडे कुठे?"

"असंच मामा. जरा ऐकत बसलो होतो."

"काय ऐकत होतात?"

"उंदीर." आणि गेला सुद्धा.

उंदीर ऐकत बसला होता! थापही माणसाने जरा बेताची मारावी.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज रंगेहाथ धरलाच होता, थोडक्यात निसटला.

सकाळी नेहमीप्रमाणे बिनशेकींना मशीनमागे ऊब दिली, धुणं आटपलं, टोपल्या जागेवर ठेवल्या, पिंजरे बाहेर निथळत लावले. तेवढ्यात मांजरपावल्या आत शिरलेला. मी दाराच्या फटीशी उभा. तो टोपलीवरचं फडकं बाजूला करून वाकून बघत होता, ओठ हलत होते. मी दार ढकललं तर दचकला.

"मामा, हे उंदीर आज जरा वेगळे वाटतायत का हो?"

मी म्हटलं, "तुम्हालाच ठाऊक."

तो गेल्यावर फडकं उचलून बघतो तर काय! बिनशेकी सगळे हनुवटीपासून पोटापर्यंत ओलेचिंब. सकाळी लवकरच पेटीतून आलेले शेकवाले कोरडे. पाण्याची बाटली कुठे गळत नव्हती. म्हणजे त्याने त्यांच्या तोंडात काहीतरी ओतलं आणि ते अंगावर सांडलं. औषधच असणार, उद्याचं विष बाधू नये म्हणून. बिनशेकी आजारी पडले नाहीत की ताईचा प्रयोग फसला, प्रयोग फसला की जागा याची. साधा हिशेब आहे. दुसरीतलं पोरगं सोडवेल.

उंदीरही कसे पडले होते, पाय चारी दिशांना टाकून, पोटं जमिनीला टेकवून. सुस्तावलेले. गुंगीचं काही दिलं की काय कोण जाणे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आणखी एक. पिंजऱ्यांना चिठ्ठ्या असतात, निळी शेकवाल्यांची, पांढरी बिनशेकींची. आज सगळ्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद चिकटवलेला. कुठला पिंजरा कुणाचा ते कळायची सोयच ठेवली नाही! अर्थात मला कागद लागत नाही, मी माझे भाचे चेहऱ्याने ओळखतो. पण हे कुणी केलं? कागदाला लावलेली चिकटपट्टी मांजरपावल्याच्या टेबलावर होती.

मी मूग गिळून बसलोय. नुसता डोळ्यांत तेल घालून बघतोय.

सोमवार, २ डिसेंबर

ताईने मला बाजूला बोलावलं. खुर्चीवर बसवलं, हेच आधी मनाला लागलं. असं बसवून फक्त डॉक्टर बोलतात.

"मामा, एक विचारते. रागावू नका. बिनशेकींना कुणी शेक दिला का?"

"शेक? छे गं! पेटी तुझ्या कुलपात, किल्ली तुझ्या गळ्यात. मी त्या पेटीला फडक्याशिवाय हातसुद्धा लावत नाही."

"शपथ?"

"तुझ्या मामीची शपथ."

खरं तेच सांगितलं. ती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "मला कळतच नाही मामा. विष टोचायच्या आधीच्या दिवशीच त्यांचा श्वास जलद चालतोय. साहेब म्हणतात, आणखी एक फेरी देतो, त्यात निभलं नाही तर कामाला कुलूप."

ओल्या अंगाचं ओठांवर आलं होतं. पण दाबलं. कच्चा पुरावा बाहेर काढू नये. अर्धवट भाजलेला पाव भट्टीतून काढला की बसलाच म्हणून समजा. पोरगी भोळी, जाऊन त्यालाच विचारेल, आणि तो सावध होईल.

थांब म्हणावं जरा. मामा आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

लिहायला हात उचलत नाही.

काल मशीन बंद पडलं, धुणं राहिलं. आज दुपारी कारागीर आला, त्याने ते चालू केलं. तोवर ताईने सकाळीच सगळ्यांना विष टोचलं होतं. बिनशेकी केस फुलवून, पाठ वाकवून कोपऱ्यात बसले होते. धापा टाकत होते. आमची ही आजारी पडली की अशीच बसते, भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून. निदान आज तरी त्यांना ऊब हवी, म्हणून धुण्याच्या वेळी मशीनमागे ठेवले. नेहमीपेक्षा थोडा जास्तच वेळ, कारण दोन दिवसांचं धुणं होतं.

संध्याकाळी तिघे गेले. उरलेले टिकतील असं वाटत नाही. शेकवाले आहेत तसे आहेत.

ताई पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली. "असं कधीच झालं नव्हतं," एवढंच म्हणत राहिली. आधी आजारी पडत नव्हते, आता मरायलाच लागले. म्हणजे त्याने डाव बदलला. औषध देऊन भागलं नाही, तेव्हा विषाची मात्रा वाढवली. प्रयोगाचा पार खेळखंडोबा करून टाकायचा, म्हणजे पोरीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता गप्प बसणं पाप आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

सांगितलं. साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं ओकलो. घुटमळणं, घड्याळ, फडकं, ओले उंदीर, चिठ्ठ्यांवरचे कागद.

साहेबांनी दोघांना बोलावलं. मांजरपावल्याचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, बरोबर बसला घाव.

साहेब म्हणाले, "चिठ्ठ्या तुम्ही झाकल्या?"

"हो."

"कुणाच्या परवानगीने?"

तो ताईकडे बघायला लागला. ताई उठून उभी राहिली. इतकी शांत बोलली, की मला भीती वाटली.

"माझ्या. मीच त्याला विनंती केली होती, सर. तुम्ही म्हणालात ना, आकडे हौसेने लिहिले म्हणून? म्हटलं, श्वास दुसऱ्याने मोजावेत, आणि कुठला पिंजरा कुणाचा ते त्याला माहीतच नसावं. म्हणजे कुणाची हौस मधे यायला नको. तो स्वतःचं काम टाकून येत होता."

"आणि मला सांगायचं नाही?" मी म्हटलं.

"मामा, तुम्हाला कुठला पिंजरा कुणाचा ते ठाऊक असतं. आणि तुम्ही बोलता."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. म्हणाले, ओल्या उंदरांचा खुलासा होत नाही तोवर यातल्या एकाही आकड्यावर माझा विश्वास नाही. त्या गुरुवारी खोलीत कोण होतं? हाच होता. तेव्हा हा आता खोलीत जाणार नाही, चौकशी बसेल, आणि ताईचं काम चौकशी संपेपर्यंत बंद.

बाहेर पडताना मांजरपावल्या माझ्याजवळ थांबला. नुसतं बघितलं आणि गेला. आज त्याच्या पावलांचा आवाज आला.

श्वास मोजत होता, हे मान्य. पण मग उंदीर ओले कसे? मोजताना दुसरं काही करता येत नाही का? मी काही लगेच विरघळणाऱ्यातला नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

ताई बोलत नाही. "मामा, ते तिकडे ठेवा," एवढंच. पूर्वी त्यात 'हं' असायचं.

हिला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती, चाक थांबवून म्हणाली, "ओले नक्की कुठे होते?"

"हनुवटी, गळा, पोट."

"मग वरून नाही कुणी ओतलं. वरून ओतलं असतं तर पाठ भिजली असती." आणि पुन्हा चाक फिरवायला लागली.

हिला काय कळतंय उंदरांतलं! पण डोक्यातून जात नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

काल हिला ताप भरला, छातीत घरघर. आज मी रजा टाकली. खिडक्या लावल्या, फटीत कापड कोंबलं, हीटर पलंगाशी ओढला, पांघरुणं घातली, पायाशी गरम पाण्याची पिशवी, पाठीशी दुसरी. दार ओढून घेतलं. म्हटलं, पडू दे निवांत, आणि स्वयंपाकघरात पेज करायला गेलो.

परत आलो तर ही पलंगावर हातपाय फेकून पडलेली. सगळं अंगावरून भिरकावलेलं. तोंड उघडं, श्वास लागलेला, आणि हनुवटीपासून खाली गळा, छाती घामाने ओलीचिंब.

"अगं, काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारताय! आधी ते दार उघडा. लाही झाली माझी."

"ऊब मिळावी म्हणून..."

"ही ऊब? तुम्ही उभा जन्म भट्टीत काढलात, तुमच्या कातडीला काही कळतं का? ही ऊब नाही हो. शेक आहे, शेक!"

मी दार उघडलं. खिडक्या उघडल्या. हिला पाणी दिलं, गार फडक्याने गळा पुसला. श्वास हळूहळू जागेवर आला. ही म्हणाली, "आता बरं वाटतंय. असे खांबासारखे काय उभे राहिलात?"

मी म्हटलं, "तुझी बहीण शेजारीच आहे, तिला बोलावून ठेवू का? मला संस्थेत जाऊन यायचंय."

"रजा आहे ना तुमची?"

"आहे."

ताईच्या टेबलावरचा लांब तापमापक घेतला. झाडूवालीला सांगून मशीन चालू करायला लावलं, दार ओढून घेतलं आणि तापमापक मागच्या फळीवर ठेवला. बाहेर थांबलो.

आत जाऊन बघितलं. पारा चाळिशीच्या वर गेला होता, आणि चढतच होता.

शुक्रवार, १३ डिसेंबर

ताईला सांगितलं. तिने आधी ऐकलंच नाही, म्हणजे ऐकलं पण कळलं नाही.

"मशीनमागे? का पण?"

"थंडी वाजत होती त्यांना."

"आणि मी विचारलं तेव्हा शपथ घेतलीत!"

"तू शेक विचारलास. मी शेक कुठे दिला होता? मी ऊब दिली होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग अचानक हसायला लागली, आणि हसता हसता तिचं कधी रडणं झालं ते तिलाही कळलं नसेल. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"उंदरांना घाम येत नाही मामा. तापले की ते लाळ अंगाला चोळतात. हनुवटी, गळा, पोट. ओले होते हे मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तिथल्या तिथे ओळखलं असतं. का नाही सांगितलंत?"

"तू त्याला जाऊन विचारशील, असं वाटलं."

"विचारलंच असतं! त्यासाठीच माणसं असतात."

मग मी ते विचारलं, ज्यासाठी जीभ रेटत नव्हती. ते तिघे.

ती म्हणाली, "आधी दिलेली उष्णता ढाल होते. विष अंगात असताना दिली की त्या विषालाच हातभार लागतो. बाकीचेही शनिवारीच गेले. फेरी संपली म्हणून पिंजरे रिकामे, असंच तुम्हाला वाटू दिलं."

मांजरपावल्या दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याने सगळं ऐकलं होतं. मी हात जोडायला गेलो तर म्हणाला, "मला नका सांगू. तुम्ही माझं नाव साहेबांच्या खोलीत घेतलंत. तिथेच परत घ्या."

गेलो. त्याच खुर्चीपुढे उभा राहिलो. म्हटलं, याने काही केलं नाही, बाईने काही रचलं नाही, केलं ते मी. साहेब म्हणाले, "तुम्हाला काढून टाकायला हवं, मामा."

"हो."

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

ताई म्हणाली, "एक फेरी पुन्हा करू द्या, सर. खोलीचा हीटर नीट करून द्या, तापमान लिहून ठेवणारं यंत्र लावा. आणि यांना काढू नका. यांच्याशिवाय पिंजरे धुणार कोण? पण उंदीर कुठे ठेवायचे ते फक्त मी सांगणार. मामांनी मनाने काही करायचं नाही."

मनाने काही करायचं नाही. एवढी मोठी शिक्षा मला बेकरीच्या मालकानेसुद्धा कधी केली नव्हती.

साहेबांनी एक फेरी दिली. शेवटची. चौकशीचा कागद त्यांनी फाडला की नाही ते मी बघितलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

ही बरी आहे. एकच पांघरूण. मी हात मागे बांधून पलंगाच्या भोवती फिरतो. ही म्हणते, "हवालदारासारखे काय फिरताय? बसा ना." बसलो.

मांजरपावल्या संस्थेत समोरून आला तर भिंतीच्या कडेने जातो. नमस्कार केला की मान हलवतो. त्याला दुसरं नाव द्यायला हवं, पण सुचत नाही. खरं नाव घ्यायला तोंड धजत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

काल नव्या भाच्यांचा शेक झाला, आज विष. बिनशेकी काल खोलीतच होते. नवा हीटर चांगला आहे, कुणाला थंडी नव्हती. मी दहा वेळा बघितलं, बघायला बंदी नाही.

दुपारी बिनशेकींनी केस फुलवले. पाठ वाकली, डोळे अर्धे मिटले. कुशी भात्यासारख्या वरखाली व्हायला लागल्या. शेकवाले पलीकडे भुसा उकरत होते, एक तर दाण्यावरून दुसऱ्याशी भांडत होता. म्हणजे ताईचं म्हणणं खरं. पहिल्या फेरीचे आकडेही खरे होते. मी नाचायला हवं होतं.

"ह्यांचा काय गुन्हा गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मलाही काही सुखाची झोप लागत नाही, मामा. पण ह्यांना मधेच सावरलं, तर ते दुसरे कशामुळे सावरले ते कुणाला कधी कळणार? मामींसारख्या छाती भरणाऱ्या माणसांसाठी उद्या काही करायचं तर ते कळायला नको?"

माझे हात आपोआप पुढे गेले होते. ते मी खिशात घातले आणि खिशातच मुठी वळल्या.

मग तो आला. सगळ्या चिठ्ठ्यांवर ताईने कागद लावलेलेच होते, पिंजऱ्यांच्या जागाही बदललेल्या. त्याने घड्याळ काढलं, स्टूल ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, बाहेर थांबा."

"मी एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलत. तुमचं तोंड बोलतं. ज्या पिंजऱ्याकडे तुम्ही असे बघता ना, तो बिनशेकींचा, हे आंधळ्यालाही कळेल."

महिन्याभरात पहिल्यांदा तो माझ्याशी एवढं बोलला.

मी बाहेर येऊन बोळात उभा राहिलो. दार लागलं. आत कसलाही आवाज नाही, कारण श्वास मनातच मोजायचे असतात. झाडूवाली जाता जाता म्हणाली, "शिक्षा झाली का मामा?" मी म्हटलं, "नाही बाई, काम करतोय." ती हसत गेली. पण तेच खरं होतं. आत जायचं नाही, दार किलकिलं करायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, हे सगळं मी करत उभा होतो, आणि भट्टीपुढेसुद्धा कधी इतका घामाघूम झालो नव्हतो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तो बाहेर आला, हातात आकड्यांचा कागद. बिनशेकी कसे आहेत, एखादा गेला तर नाही ना, सगळं माझ्या ओठांशी दाटून आलं होतं. अजून त्याला उद्या सकाळी पुन्हा मोजायचं होतं. माझा चेहरा बघून त्याला काही कळायला नको, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तो थोडा थांबला, आणि मग निघून गेला.